तुझा अन् तिचा काय संबंध?

ताई, नमस्कार.

मी मूळची नागपूरची, नंदनवनमध्ये वाढले. गेली नऊ वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसच्या दक्षिणेला राहते. लग्नाआधी नागपुरातल्या एका शाळेत गणित शिकवायचे. तिकडे माझा व्हिसा एच-४, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मी तिथे राहायचं, स्वतः कमवायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या लायब्ररीने जुनी पुस्तकं एकेक डॉलरला विकायला काढली. त्यात बेसी कोलमन या बाईचं चरित्र हाती लागलं. काळी बाई, कापूस वेचणाऱ्या घरातली. अमेरिकेत कोणी विमान शिकवेना, म्हणून फ्रान्सला जाऊन वैमानिक झाली. ती वाढली ते वॅक्साहाची गाव आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. पुस्तक चारदा वाचलं आणि चारही वेळा रडले. एकदा मुलाला शाळेत सोडून एकटीच त्या गावी गेले, लाल दगडाच्या कोर्टासमोर गाडी लावून तासभर बसले आणि परत आले. का गेले ते सांगता येणार नाही.

नवरा वाईट नाही. पण इकडे निघताना मी बॅगेत कपड्यांच्या आधी ते पुस्तक ठेवलं, तेव्हा तो म्हणाला, "तुझा अन् तिचा काय संबंध गं?" मला उत्तर आलं नाही. जाऊबाई म्हणतात, आपल्याकडे काय बाया कमी आहेत, थेट अमेरिकेतलीच कशाला पाहिजे?

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मुलाला घेऊन आले आहे. आई खाली पलंगावर असते, मी दुपारी वरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसते. "काय वाचून राहिली एवढं?" असं तिने विचारलं, तर मी "काही नाही" म्हणाले. तिचं माहेर हिंगणघाटकडचं, लहानपणी तीही कापूस वेचायला जायची, पण ते वेगळं. तीन आठवड्यांनी परतीचं तिकीट आहे आणि जावंसं वाटत नाही. बेसीने समुद्र ओलांडला आणि ती बेसी झाली. मी समुद्र ओलांडला आणि कागदावर कोणाची तरी 'डिपेंडंट' झाले. छत्तीस वर्षांची आहे मी. हे पुस्तक मला धीर देतं, की नुसती पळून जायला जागा देतं?

स., नंदनवन


प्रिय स.,

संबंध आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तुझं मूळ पत्र अकरा पानांचं आहे, इथे त्यातलं थोडंच छापलंय. त्या अकरा पानांत फ्रान्सबद्दल चार पानं आहेत. विमान कसलं होतं, परवाना कधी मिळाला, परत आल्यावर वर्तमानपत्रांनी कसं उचलून धरलं, सगळं आहे. शिकागोबद्दल दीड ओळ आहे. आणि त्याच्या आधीच्या वॅक्साहाचीबद्दल, तुझ्या वीस मिनिटांवरच्या गावाबद्दल, फक्त 'गरिबी होती' एवढंच. "बेसीने समुद्र ओलांडला आणि ती बेसी झाली" हे तुझं वाक्य त्यातूनच आलंय. वाचायला ते छान वाटतं, पण ते खरं नाही, आणि तुला जो त्रास होतोय तो बराचसा त्या वाक्याने दिलेला आहे. म्हणून तू उलटून टाकलेली पानं मी आज तुझ्यासमोर परत उघडते. तुला ती माहीत आहेत, पण माझ्या इतर वाचकांना नाहीत, त्यांच्यासाठीही.

बेसी जन्मली २६ जानेवारी १८९२ ला. तेरा भावंडांतली एक. ती दोन वर्षांची असताना घर वॅक्साहाचीला आलं. नऊ वर्षांची झाली तेव्हा वडील ओक्लाहोमाकडे निघून गेले. त्यांच्या अंगात तिथल्या मूळ रहिवाशांचं रक्त होतं, तिकडे आपल्याला जरा मानाने जगता येईल अशी त्यांना आशा होती. आई गेली नाही. ती लोकांच्या घरी कामाला लागली आणि धाकट्या बहिणी बेसीच्या कडेवर आल्या. शाळा चार मैलांवर, एका खोलीची. वेचणीचा हंगाम आला की शाळेला सुट्टी आणि सगळं घर शेतात. वेचलेल्या कापसाचं वजन होताना मुकादम कमी तर लिहीत नाही ना, हे बघायचं काम घराने या पोरीवर सोपवलेलं होतं, कारण हिशेबात ती पक्की होती.

तू गणिताची बाई आहेस. वजनकाट्याशी उभं राहून आकडे तपासणारी ती मुलगी तुझ्या अकरा पानांत कुठेच कशी नाही?

१९१० मध्ये साठवलेले पैसे घेऊन ती ओक्लाहोमात लँगस्टनच्या कॉलेजात गेली. एक सत्र झालं आणि पैसे संपले. ती परत आली. पुन्हा वॅक्साहाची, पुन्हा लोकांचे कपडे धुणं, तेही थोडेथोडके दिवस नाही, १९१५ पर्यंत. तू ज्या कोर्टासमोर गाडी लावलीस ते १८९७ पासून तिथे उभं आहे, म्हणजे तिनेही ते रोज पाहिलं असणार. तू तासभर तिथे बसलीस तेव्हा आकाशात बघत होतीस, असं मला तुझ्या पत्रावरून वाटलं. पुढच्या वेळी रस्त्याकडे बघ. शिकायला म्हणून बाहेर पडलेली, पैसे संपले म्हणून परत आलेली अठरा वर्षांची मुलगी धुण्याची बोचकी घेऊन त्याच गावात पाच वर्षं वावरत होती. आपलं आता काय होणार, हे तिला तरी कुठे ठाऊक होतं?

मग तेविसाव्या वर्षी ती शिकागोला गेली. तिचे थोरले भाऊ आधी तिकडे पोचले होते. त्या काळात दक्षिणेतून लाखो काळी माणसं अशीच उत्तरेच्या शहरांकडे निघाली होती. म्हणजे विमानाच्या कितीतरी आधी बेसी स्थलांतरित होती, एका गल्लीत नातेवाइकांकडे येऊन टेकलेली, शहराची रीत शिकणारी. तिथे तिने नखं कापायचं, घासायचं, चमकवायचं काम शिकून घेतलं आणि पुरुषांच्या सलूनमध्ये लागली.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे मला डोळ्यांपुढून हलत नाही. माझं आजोळ कळमेश्वरकडचं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोरं हौसेने ओटी बांधून पऱ्हाटीत शिरायचो. अर्ध्या तासात बोटं हुळहुळायला लागायची. बोंड वाळून फुटलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं कडक होतात, सुईसारखी, आणि कापूस ओढताना ती नेमकी नखाच्या मुळाशी लागतात. आम्ही कंटाळून बांधावर जाऊन बसायचो. वेचायला आलेल्या बाया मात्र दिवस मावळेपर्यंत ओळीमागून ओळ धरून पुढे सरकत राहायच्या. संध्याकाळी काट्यापाशी त्या ओट्या सोडायच्या, तेव्हा त्यांची बोटं दिसायची. नखांच्या कडा फाटलेल्या, काळ्या पडलेल्या, कुठे रक्त वाळलेलं. रात्री दिव्याशी बसून त्या कोमट तेल लावायच्या. अशा बोटांची एक मुलगी शिकागोत जाऊन परक्या पुरुषांचे हात हातात घेते आणि त्यांची नखं गुळगुळीत करून देते. रोज. पाच वर्षं. स., तुझ्या नवऱ्याने विचारलेला संबंध मला या बोटांत दिसतो.

ती पाच वर्षं वाचताना मला सोनेगाव आठवतं. तुझ्या पिढीला सोनेगाव म्हणजे फक्त विमानतळ. १९४९ मध्ये रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार ठिकाणांहून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या सोनेगावला एकत्र यायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं उजाडायच्या आत आपापल्या शहरी परत पोचायची. पुढे बरीच वर्षं हे चाललं. माझे वडील टपाल खात्यात होते, त्यातली काही वर्षं त्यांनी त्या रात्रपाळीत काढली. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा हट्ट करून त्यांच्यासोबत गेले. इंधनाचा वास आठवतो, कान बधिर करणारा आवाज आठवतो, आणि वडील एकेक थैली दिव्याखाली नेऊन तिच्यावरची लाख फुटली तर नाही ना हे अंगठ्याने चाचपायचे, ते आठवतं. मी विचारलं, "बाबा, या सगळ्या नागपूरच्या का?" ते म्हणाले, "थोड्याशाच. बाकीच्या फक्त विमान बदलायला उतरल्या."

शिकागोत बेसी अशीच उतरलेली होती. तिला तिथे पाच वर्षं लागली. त्या काळात तिला कोणी विचारलं असतं, बाई तू काय करतेस, तर ती म्हणाली असती, नखं घासते. तुला अमेरिकेत कोणी विचारलं की तू म्हणतेस, घरीच असते. त्या उत्तरानंतर समोरच्याचे डोळे कसे लगेच दुसरीकडे वळतात ते तू लिहिलंस. बेसीनेही ते वळलेले डोळे पाहिलेच असतील.

आणि पुढची ठिणगी पडली ती कुठून? घरातूनच. पहिल्या महायुद्धातून परतलेला तिचा भाऊ जॉन तिला चिडवायचा, फ्रान्समधल्या बाया बघ, विमानं उडवतात, तुम्हाला काय जमणार! तिने ते मनावर घेतलं. अमेरिकेतल्या शाळांनी नाही म्हटलं, एक तर बाई, त्यातून काळी. मग 'शिकागो डिफेंडर' या वर्तमानपत्राचे संपादक रॉबर्ट अ‍ॅबट यांनी तिला सुचवलं, फ्रेंच शीक आणि फ्रान्सला जा. काम सांभाळून तिने फ्रेंचचा वर्ग लावला, पैसे साठवले, काही मदत मिळवली आणि नोव्हेंबर १९२० मध्ये बोटीवर चढली.

तुझ्या नवऱ्याचा प्रश्न जॉनसारखा चिडवण्याचाही नव्हता, असं मला पत्रावरून वाटतं. बायको एकच पुस्तक चारदा वाचते, रडते, आणि कपड्यांच्या आधी तेच बॅगेत ठेवते, हे दोन वर्षं बघणाऱ्या माणसाने शेवटी विचारलं. तू त्याला आजवर काय सांगितलंस? एकटी वॅक्साहाचीला जाऊन आल्याचं सांगितलंस का? तुझ्या पत्रात तसं कुठे दिसत नाही. त्याला टोमणा समजून गप्प बसू नकोस, उत्तर दे. आज फोनवर दिलंस तरी चालेल.

फ्रान्सबद्दल मी थोडंच लिहिते, ते तुला पाठच आहे. उत्तर किनाऱ्यावरच्या ल क्रोतुआ गावात कोद्रों बंधूंची शाळा. न्यूपोर जातीचं दोन माणसांचं विमान, लाकूड, तारा आणि कापड यांचं, उडवायच्या आधी दर वेळी प्रत्येक तार तपासावी लागायची. शिक्षक पुढे, बेसी मागे. बोलून काही सांगायची सोय नाही. शिक्षकाने पुढे दांडा हलवला की तिच्या पुढ्यातला दांडाही तसाच हलायचा, त्यावर हात ठेवून तिने शिकायचं. तिच्यासोबत शिकणारा एक जण अपघातात गेला, ते तिने डोळ्यांनी पाहिलं, तरी तिने शिकणं सोडलं नाही. १५ जून १९२१ ला आंतरराष्ट्रीय परवाना हातात आला. तो मिळवणारी ती पहिली काळी स्त्री.

त्या परवान्यावर तिचं जन्मसाल १८९६ आहे, हे तुझ्या लक्षात आलं का? एकोणतीस वर्षांच्या बेसीने स्वतःला पंचवीसची लावून घेतलं. म्हणजे आपल्याला उशीर झाला, ही टोचणी तिलाही होती. छत्तीसचा आकडा तू पत्रात तीनदा लिहिलास, म्हणून सांगितलं.

आता थोडं परखड बोलते. संबंध आहे म्हणून तिचं सगळंच तुझं आहे असं समजू नकोस. तुझ्या व्हिसावर 'डिपेंडंट' लिहिलंय, ते जाचक आहे, मी ते कमी लेखत नाही. पण बेसीच्या काळात टेक्सासमध्ये काळ्या माणसाला जमावाने फासावर लटकवल्याच्या घटना घडत होत्या. मोठी होऊन ती वॅक्साहाचीला विमानाचे खेळ करायला परत आली, तेव्हा आयोजकांनी गोऱ्यांसाठी एक आणि काळ्यांसाठी दुसरं फाटक ठेवायचं ठरवलं होतं. तिने बजावलं, फाटक एकच असेल तर उडेन, नाहीतर नाही. त्यांनी फाटक एक केलं, आत मात्र बसायच्या जागा वेगळ्याच ठेवल्या. नागपूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. दीक्षाभूमीच्या शहरात वाढलेल्या कोणालाही विचार, फाटक म्हणजे काय असतं.

जाऊबाईंचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, म्हणून तोही घेते. सरला ठकराल यांनी १९३६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, साडी नेसून लाहोरला विमान उडवलं आणि परवाना मिळवला. विमान अपघातात नवरा गेला, फाळणीत लाहोर सुटलं, दोन मुलींना घेऊन त्या दिल्लीला आल्या आणि दागिने, कपडे यांच्या नक्षीकामावर त्यांनी पुढचा संसार उभा केला. त्यांच्याबद्दलही वाच. आपलं गाव सुटल्यावर हाताला येईल ते काम धरून परत उभं राहणं, हे त्यांच्याकडे आहे.

पण मला सांगायचीय ती तिसरी बाई, आणि ती तुझ्या नंदनवनच्या खोलीच्या खूप जवळची आहे. जाईबाई चौधरी. उमरेडला १८९२ मध्ये जन्मली, बेसीच्याच साली. दुष्काळात आईवडिलांसोबत नागपूरला आली. दलित घरातली मुलगी, पोटासाठी स्टेशनवर हमाली करायची, नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहायची. एका मिशनरी बाईंनी तिला शिकायला मदत केली, शिक्षिकेचं काम दिलं. ती कोणत्या जातीची आहे हे कळल्यावर लोकांनी पोरं शाळेत पाठवायला नकार दिला आणि ते काम गेलं. तेव्हा तिने स्वतःचीच मुलींची शाळा काढली, संत चोखामेळ्याच्या नावाने, इथे नागपुरात, १९२२ मध्ये. बेसीने अमेरिकेत पहिला विमानाचा खेळ केला, ते सप्टेंबर १९२२. या दोन तारखा मी परवा रात्री वहीत एकाखाली एक लिहिल्या आणि मला कितीतरी वेळ झोप आली नाही. एकीच्या डोक्यावर लोकांचं सामान, दुसरीच्या हातात लोकांची नखं. दोघी एकाच वर्षी जन्मल्या, दोघींना शाळा काढायची होती. जाईबाईंना ती काढता आली. बेसीला नाही. काळ्या मुलामुलींसाठी उड्डाणाची शाळा काढायची म्हणून ती गावोगाव खेळ करत, भाषणं देत पैसे जमवत होती. ३० एप्रिल १९२६ ला जॅक्सनविलला, दुसऱ्या दिवशीच्या खेळाची जागा वरून नीट बघता यावी म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. विमान तिचा मेकॅनिक चालवत होता. एक पाना यंत्रात अडकला. दोघंही गेले. ती चौतीस वर्षांची होती. तिच्या नावाचा उड्डाण क्लब तीन वर्षांनी लॉस एंजेलिसला दुसऱ्यांनी सुरू केला.

तुला चौतीस ओलांडून दोन वर्षं झालीत. तुझ्याकडे वेळ आहे, स. तो काय करायचा ते बोलू.

परत जायचं की नाही, हे नंदनवनच्या वरच्या खोलीत ठरवू नकोस. तिकीट रद्द करून इथे राहिलीस तर तो निर्णय मुलाच्या शाळेला आणि नवऱ्याला न विचारता झालेला असेल, आणि पुढची कित्येक वर्षं त्याचाच हिशेब देत बसशील. जायचं. तिकडे जाऊन, त्याच्यासमोर बसून, 'मला असं जगणं पुरत नाही' हे सरळ म्हणायचं. नंतर तुम्ही दोघांनी नागपूरला परतायचं ठरवलंत तर तो मान्य निर्णय असेल, त्याला मी आनंदाने हो म्हणेन.

जायच्या आधी नवऱ्याला एक गोष्ट विचार. त्याच्या कंपनीने ग्रीन कार्डसाठी त्याचा अर्ज भरला असेल आणि त्यातला ठरावीक टप्पा मंजूर झाला असेल, तर एच-४ वरच्या जोडीदाराला कामाची परवानगी मागता येते. २०१५ पासून तसा नियम आहे. नऊ वर्षं झालीत, कदाचित तो टप्पा कधीच पार पडला असेल आणि घरात त्यावर कोणी बोललंच नसेल. असं होतं, मी पाहिलंय. तिथल्या वकिलाकडून नीट विचारून घ्या. आणि परवानगी नसली तरी शिकायला तुझ्या व्हिसावर बंदी नाही. कम्युनिटी कॉलेजात गणिताचा, शिक्षकी पेशाचा एकेक विषय घेत गेलीस तरी दोन वर्षांत हातात काही असेल. बेसीने आधी फ्रेंचचा वर्ग लावला, विमान नंतर आलं.

रडू येतं त्याची लाज बाळगू नकोस. पण पुस्तक बाजूला ठेवल्यावरही येत असेल, झोप-भूक उडाली असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर इथे आहेस तोवर एखाद्या चांगल्या डॉक्टरांशी बोलून घे. ते या पत्राच्या आवाक्यातलं नाही.

आता धीर की पळवाट, तो प्रश्न. तुझं पत्र मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा एका वाक्यापाशी अडखळले. "लहानपणी तीही कापूस वेचायला जायची, पण ते वेगळं." वेगळं कसं? दोन वर्षं तू एका वेचणाऱ्या मुलीसाठी रडते आहेस, तिच्या गावच्या कोर्टासमोर जाऊन बसते आहेस, आणि एक वेचणारी मुलगी तुझ्या घरात खालच्या पलंगावर पाय उशीवर ठेवून दिवसभर छताकडे बघत पडली आहे. तिने आपणहून विचारलं, काय वाचून राहिली. तू म्हणालीस, काही नाही.

नवऱ्याला जे उत्तर देता आलं नाही ते तुला आईजवळ सापडेल असं मला फार वाटतं. तिच्या बोटांकडे तू शेवटचं कधी नीट बघितलंस? हिंगणघाटकडची ती मुलगी शाळेत कितवीपर्यंत गेली? वेचणीच्या दिवसांत तिचीही शाळा बुडायची का? शाळा सोडायला कोणी लावली? तिला कुठे जायचं होतं का कधी? तुला एम.एस्सी. करू द्यायचं घरात कोणी ठरवलं, ते तरी तुला माहीत आहे का? हे सगळं तू अकरा पानांत लिहिलं नाहीस, म्हणजे बहुतेक तू विचारलेलं नाहीस.

तीन आठवडे आहेत. आज संध्याकाळी तिचा गुडघ्याचा व्यायाम झाला, चहा झाला, की पुस्तक घेऊन खाली जा. इंग्रजी आहे म्हणून अडू नकोस, तू वाचत जा आणि तिला तिच्या बोलीत सांगत जा. मुलालाही शेजारी बसव, त्यालाही आजीची भाषा कानावर पडू दे. फ्रान्सपासून सुरुवात करू नकोस. वजनकाट्याशी उभ्या राहिलेल्या मुलीचं पान आधी काढ, आणि ते सांगून झालं की आईला विचार, तुमच्याकडे काट्याशी कोण उभं राहायचं?

ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
ताई